तळीरामाच्या नावानं पावती

"काय हो वहिनी, काल 'एकच प्याला' बघून रडलात म्हणे?"

"रडले कसली काकू, चिडले! घरी येताना सगळ्यांच्या तोंडी तेच, तो मेला तळीराम. सुधाकराला बरा सोडला!"

"पण पहिला प्याला त्यानंच ना पुढे केला?"

"केला की. ओठाला कुणी लावला? त्याआधी काय झालं होतं, तर मुन्सफाशी तंडला आणि काही महिन्यांसाठी वकिलीची सनद गेली. सिंधूसारखी बायको, रामलालसारखा मित्र, सगळं जागच्या जागी. पण चारचौघांत मान खाली गेली ते ह्याला सोसेना. अहो, दारूआधी ताठाच चढला होता त्याला!"

"मध्ये सोडली होती हो त्यानं."

"सोडली, मग नोकरी मागायला गेला. लोक जरा टाकून बोलले, की पुन्हा प्याला. तो अपमान का तळीरामानं केला? आणि माहेरची मदत घ्यायची नाही, हे बंधन सिंधूवर. भाऊ पद्माकर मदतीला तयार, नि ही लोकांची दळणं दळतेय! ताठा ह्याचा, जातं तिच्या हातात."

"तीही काही कमी नाही. पोर गेलं, स्वतः मरायला टेकली, तरी फौजदाराला खोटं सांगून नवऱ्याला वाचवलं."

"1919 सालची ती, तेव्हा टाळ्याच पडल्या असतील. बालगंधर्व सिंधू झालेले! नाटक लिहिणाऱ्या गडकऱ्यांना मात्र बघायला मिळालं नाही. बडोद्याला पहिला प्रयोग लागायच्या महिनाभर आधीच गेले, 33 वर्षांचे."

"अगंबाई! आणि रामलाल? तो तरी भला ना?"

"भला, पण गडकऱ्यांनी त्यालाही मोकळं सोडलं नाही. लोकांना शहाणपण शिकवणारा हा, बालविधवा शरदवर ह्याचंच मन गेलं. मात्र आपलं आपल्याला कळल्यावर तिच्यावर जीव असलेल्या भगीरथाला वाट देऊन बाजूला झाला. सुधाकराला कळलं तेव्हा घरात वाचवायला कोणी उरलंच नव्हतं. विष घेऊन सुटला."

"तुम्ही असता सिंधूच्या जागी, तर?"

"मी तळीरामाच्या बायकोच्या, गीतेच्या जातीची हो! नवऱ्याला कसं तोंडावर सुनावते ती! काल तिच्या वाक्यांना टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात आमच्या सासूबाईंच्या!"