हॅरी बर्न यांचा मूर्खपणा

वारा वाहील तशी पाठ द्यावी, मत बदललेच तर गुपचूप बदलावे आणि कारण विचारले की जनतेचे नाव पुढे करावे, हे राजकारणातले शहाणपण. अमेरिकेतील टेनेसी राज्याचे आमदार हॅरी बर्न या तिन्ही परीक्षांत नापास झाले. म्हणूनच त्यांच्या मूर्खपणाचा गौरव व्हायला हवा.

१८९५ मध्ये जन्मलेले बर्न १९१८ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ऑगस्ट १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती नॅशव्हिलच्या सभागृहात आली. ४८ पैकी ३६ राज्यांची संमती हवी होती. ३५ राज्यांनी ती दिली होती. समर्थक पिवळा गुलाब लावत, विरोधक लाल. बर्न यांच्या कोटावर लाल गुलाब होता. मतदारसंघात विरोधाचा जोर होता आणि निवडणूक तोंडावर होती. शहाण्याला आणखी काय हवे?

१८ ऑगस्टला ठराव बाजूला सारण्याच्या सूचनेवर दोनदा ४८-४८ अशी बरोबरी झाली. दोन्ही वेळा बर्न विरोधकांबरोबर राहिले. मग मूळ ठराव मताला आला. त्यांच्या खिशात आईचे पत्र होते: मताधिकाराच्या बाजूने मत दे. आई फेब बर्न शिकलेल्या होत्या, देशोदेशीच्या घडामोडींवर त्यांचे लक्ष असे. त्यांच्या शेतावरच्या निरक्षर कुळांना मत होते, त्यांना नव्हते. बर्न यांनी ‘होय’ म्हटले आणि ठराव संमत झाला.

लाच घेतल्याचा आरोप झाला, तेव्हाही त्यांना शहाणपण सुचले नाही. आपल्याला हा हक्क न्याय्य वाटतो आणि आईचा सल्ला मुलाने मानणेच हिताचे, असे त्यांनी सभागृहाच्या कामकाजात नोंदवून ठेवले. समिती नाही, पक्षादेश नाही, आई!

दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मतदानासाठी १९६५ च्या कायद्यापर्यंत झगडावे लागले. त्या दिवसाने सगळा अन्याय मिटला नाही. पण जे दार उघडले, ते हिशेबी माणसांच्या भरवशावर त्या दिवशी बंदच राहिले असते. मतदारांनी बर्न यांना पुन्हा निवडून दिले. घरातली बाई न्यायाचे बोलते तेव्हा भर सभेत आपली बाजू बदलणारा आणि तिचे नाव घ्यायला न लाजणारा असा एक तरी मूर्ख प्रत्येक विधिमंडळात असावा.