दंडाची शिस्त

लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहायचं आणि पाडव्यापासून उधारी कॅलेंडरच्या मागे लिहायची, ही आपल्या छोट्या दुकानदाराची व्यवस्था. विचारलं तर उत्तर ठरलेलं: रोजकीर्द लिहायला वेळ कुठाय? पण २०१७ साली जीएसटी आला आणि या उत्तराची पंचाईत झाली. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि करासह ‘३बी’ हे विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरावं लागतं. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. मग गल्ल्याखालची, पिशवीतली, खिशातली बिलं १९ तारखेच्या रात्री सीएकडे बरोबर पोचतात. म्हणजे वेळ असतो. तो दंड करणाऱ्यासाठी राखून ठेवलेला असतो.

कोणी म्हणेल, माणूस एकटा. माल तोच उतरवतो, गिऱ्हाईकही तोच सांभाळतो. खरंय. पण ज्याला हिशेबनीस परवडत नाही, त्याला विसरणं तर मुळीच परवडत नाही. दुसरा म्हणेल, आता सगळं मोबाइलवर आहे. आहे ना! गल्ल्याजवळचा साउंडबॉक्स जमा झालेले दहा रुपये साऱ्या गल्लीला ओरडून सांगतो. थकलेल्या हजारांबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. तेव्हा नवं ॲप, रंगीत डायरी, व्यवस्थापनाचं शिबिर यांच्या नादी लागण्याआधी शटर ओढण्यापूर्वीची दहा मिनिटं वहीला द्यावीत. जमत नसेल, तर स्वतःलाच रोज ५० रुपये दंड लावावा. फक्त तो रोख भरावा. खात्यावर मांडू नये.