भांडी नवी, दळण जुनंच

जामखेड हा ज्वारीचा मुलूख. भाकरीत गव्हातलं ग्लुटेन नसतंच. तरी सीलिॲक आजाराचं निदान होऊन गहू बंद झाला, की घरात पहिला ठराव भांडी बदलण्याचा! साबणाने घासली की निर्धोक होणारी स्टीलची पातेली मोडीत निघतात. भेगांत कणीक धरून बसलेलं लाकडी पोळपाट मात्र आजीच्या माहेरचं, म्हणून कायम. चाळणीही तीच.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग ज्वारी गिरणीत जाते, गव्हाच्या दळणामागोमाग. ग्लुटेनमुक्त अन्नात ग्लुटेनची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम; गिरणीत उरलेलं गव्हाचं पीठ ती सहज ओलांडतं. वर फोडणीला डबीतली हिंगपूड, तिच्यात बऱ्याचदा मैदा.

पातेली राहू द्या. पोळपाट, लाटणं, चाळणी वेगळी घ्या आणि गहू न शिवलेल्या घरघंटीवरच ज्वारी दळा.