बुडबुडे संपेपर्यंत

पुण्यातल्या सोसायटीत एक तरी काका असे असतात, की ते खाली असताना बॉनेट उघडू नये. उघडलंत की ते आलेच. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त, खांद्यावर जुन्या बनियनचं फडकं आणि पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी कुठलं टाकलंत?"

"नळाचं," म्हणालात तर संपलं. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत कसे साचतात हे सांगताना काका असे बघतात, जणू तुम्ही घरातल्या म्हाताऱ्याला वाळू चारलीत. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. रंगावर जायचं नाही, डब्यावरचं वाचायचं. खाली चार थेंब सांडले तर आधी सोसायटीची मांजर हाकलतात, मग जमीन पुसतात. "चाटून बघेल हो ती. विष आहे ते."

पण काकांची खरी हौस भरण्यात नाही, हवा काढण्यात. त्यांच्या लेखी इंजिनात अडकलेली हवा हा पहिला शत्रू; चेअरमन दुसरा. हवा थर्मोस्टॅटपाशी नाहीतर हीटरच्या नळ्यांत दडून बसते, कूलंटची वाट अडते. सेन्सर नेमका त्या हवेत सापडला तर काटा निवांत अर्ध्यावर आणि हेड आत भाजतंय. "काट्याचं काय ऐकता? खंबाटकीचा चढ लागू दे, मग बघा."

हवा वर चढते, म्हणून गाडीचं तोंड वर हवं. म्हणून गाडी तळघराच्या रॅम्पवर, मधोमध, मागच्या चाकांना विटा. इंजिन गार असतानाच झाकण काढायचं. गरम गाडीच्या झाकणाकडे बोट जरी नेलंत तरी काका हातावर फटका मारतात. मग नरसाळं लावून इंजिन सुरू, हीटर फुल. महिना मे. मालक आत घामाघूम आणि बाहेरून हुकूम, "दोन हजारावर धरा! सोडू नका!" काका वरचा होज पाइप हलके दाबतात. गुडुप. एक बुडबुडा. नातवाच्या पहिल्या शब्दालाही त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता म्हणे.

मागे तीन गाड्या हॉर्न देत असतात. एकीत मुंजीला निघालेलं अख्खं कुटुंब. काका ढिम्म. "मुहूर्त टळला तरी मुंज लागते. हेड गॅस्केट गेलं की?"

नरसाळ्यातली पातळी एकदम खाली जाते. "उघडला थर्मोस्टॅट!" आता आणखी ओता. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत झाकण नाही. नव्या सर्व्हिस सेंटरमध्ये मशीनने आतली हवा खेचून मग कूलंट भरतात, असं कोणी सुचवलं तर काका हळहळतात, "मग बुडबुडा दिसणार कधी?"

यातलं काहीच थाप नसतं, ही खरी पंचाईत. गॅरेजवाला पाच मिनिटांत ओतून मोकळा होतो, बिल लावतो. काका रविवार खातात आणि बिनसाखरेच्या चहावर भागवतात. त्यामुळे भांडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजते. दारात काका, हातात उरलेल्या कूलंटची बाटली.

"गाडी रात्रभर गार झालीय. पातळी उतरली असणार. किल्ली आणा."

आणि खाली जाऊन बघावं, तर चांगली बोटभर उतरलेली असते.