पायऱ्यांची सक्ती कुणाची?

क्लेम नाकारल्याचं पत्र येतं. दोन ओळींचं. ‘पॉलिसीतील अटींनुसार आपला दावा मंजूर करता येत नाही.’ कुठली अट? कितवं कलम? ते तुम्ही शोधायचं.

वास्तविक ते कंपनीनेच सांगायचं असतं. विमा नियामक ‘आयआरडीएआय’चं मे 2024 चं परिपत्रक आहे: क्लेम नाकारताना नेमकी अट दाखवा, आणि आढावा समितीच्या मंजुरीशिवाय नाकारू नका. तरीही मोघम पत्रं येतात. मोघम पत्राला उत्तर देणार तरी काय?

मग फेऱ्या सुरू. टीपीएवाले, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारे मध्यस्थ, म्हणतात, निर्णय कंपनीचा. कंपनी म्हणते, कागद टीपीएकडे. इनडोअर केसपेपर पाठवा. पाठवले. शिक्का नीट दिसत नाही, परत पाठवा. त्याच परिपत्रकात लिहिलंय की हे कागद कंपनीने आणि टीपीएने हॉस्पिटलकडून मागवायचे, पॉलिसीधारकाकडून नाही. पण रेकॉर्ड रूमच्या खिडकीत उभा कोण असतो? पेशंटचा मुलगा, रजा टाकून.

त्या गठ्ठ्यात एक कागद सगळ्यांत घातकी. मध्यरात्री कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर विचारतो, ‘यांना बीपी कधीपासून?’ बायको घाबरलेली. ती म्हणते, ‘झाली बरीच वर्षं.’ डॉक्टर लिहितो, ‘10 वर्षं.’ पॉलिसी असते चार वर्षांची.

झालं. आजार लपवला, क्लेम नामंजूर.

दहाचा आकडा आला कुठून? जुनी चिठ्ठी? रक्ताचा रिपोर्ट? काही नाही. घाईत विचारलेला प्रश्न आणि घाईत दिलेलं उत्तर, एवढाच काय तो पुरावा. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी बिलाइतकंच लक्ष हिस्ट्रीच्या पानावर द्या. चूक असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तिथल्या तिथे लेखी दुरुस्ती घ्या. आणि पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर माहिती लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करताच येत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि ती कंपनीनेच.

सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2021 चा निकाल वाचण्यासारखा आहे. अमेरिकेला निघालेल्या एका मधुमेही प्रवाशाने मेडिक्लेम घेतला. मधुमेह असल्याचं आधीच सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर हृदयविकाराचा झटका आला. कंपनीने हात वर केले, राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीला सुनावलं: प्रकृती तपासून, माहिती घेऊन पॉलिसी दिलीत ना? मग त्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येणार नाही.

तो टिकला म्हणून जिंकला. बाकीचे कुठे गळतात?

पायऱ्यांवर. नकाराच्या पत्राखाली पायऱ्या छापलेल्या असतात. आधी शाखा, मग तक्रार निवारण अधिकारी, मग ‘बिमा भरोसा’ पोर्टल, मग विमा लोकपाल. वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळं चढून झाल्याशिवाय न्यायाचं दार उघडणारच नाही.

साफ चूक.

अमेरिकेत हे बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे नोकरीतून मिळालेल्या आरोग्य विम्याला 1974 चा ‘एरिसा’ कायदा लागू होतो. क्लेम नाकारला की आधी विमा योजनेकडेच अपील करायचं. त्यासाठी किमान 180 दिवसांची मुदत असते. ते न करता कोर्ट गाठलं तर खटला दारातूनच परत येण्याची शक्यता मोठी. तुमची मुलगी न्यू जर्सीत नोकरी करत असेल, तर तिला हे आजच सांगा. नकाराचं पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर कोर्टाचा हक्कही त्याच्याबरोबर जाऊ शकतो.

पण आपला कायदा तसा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 100 काढून बघा. ग्राहक आयोगाचा मार्ग इतर उपायांच्या जोडीला आहे. इतर उपाय संपल्यावरच तो खुला होतो, असं त्यात कुठेही नाही. नकार मिळाला की थेट जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. सांगलीच्या माणसाने मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

आणि फी? इथे क्लेम किती लाखांचा हे बघत नाहीत, तुम्ही प्रीमियम किती भरलात हे बघतात. पाच लाखांपर्यंत फी शून्य. घरगुती मेडिक्लेमला पाच लाखांचा प्रीमियम कोण भरतो?

मग लोकपाल निरुपयोगी? अजिबात नाही. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालत नाही. 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते आणि कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक. तो 30 दिवसांत पाळला नाही तर तक्रारदाराला दिवसाला 5,000 रुपये द्यावे लागतात.

मात्र इथे पायरी खरोखरच आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. ती फेटाळली, महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तरच लोकपाल दाद घेतात. फोनवरची तक्रार धरत नाहीत. ईमेल करा, पोच जपून ठेवा.

क्रमही चुकवू नका. आयोगात गेलात की त्याच तक्रारीसाठी लोकपालाचं दार बंद. उलट, लोकपालांकडे हरलात तरी आयोग खुला राहतो. आयोगात तारखा पडतात, वर्षं जातात, हे कुणापासून लपलेलं नाही. म्हणून मी तरी आधी लोकपालच सुचवेन. पण तो निर्णय तुमचा, कंपनीच्या पत्राचा नव्हे.

घड्याळही बघा. लोकपालांसाठी एक वर्ष, आयोगासाठी दोन. ‘कृपया पुनर्विचार व्हावा’ अशी दहा पत्रं पाठवलीत म्हणून मुदत वाढत नाही. ‘आपली तक्रार विचाराधीन आहे’ या उत्तरानेही वाढत नाही. कंपनीच्या गोड ईमेलवर विसंबून किती जणांनी मुदत घालवली असेल?

नियामकाला हे कळत नाही असं नाही. एका तासात कॅशलेसचा निर्णय द्या, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्या, असे नियम त्यानेच केलेत. मग आणखी एक नियम करा. नकाराच्या प्रत्येक पत्रावर, मराठी माणसाला मराठीत, ठळक अक्षरांत छापा: ‘आपण थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता. मुदत दोन वर्षं.’

प्रीमियम भरायची शेवटची तारीख कळवायला कंपन्या कधी विसरतात का?