'जेव्हा' फुकट, 'तेव्हा' तिकिटात

गेल्या आठवड्यात मामांना सिनेमाला नेलं. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण लाल पेन अजून खिशाला असतं. घरात लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखन तपासतात, मग तारीख बघतात.

खेळ सातचा होता. सात वाजता पडद्यावर सिनेमा सोडून सगळं होतं. मसाले झाले, बिल्डर झाले, तंबाखूचे दुष्परिणाम झाले आणि मग ट्रेलर सुरू झाले. काळोख झाला, कुठेतरी ढोलावर थाप पडली आणि आडाच्या तळाशी बसून बोलावं तसा एक आवाज उमटला : "जेव्हा सह्याद्रीच्या कड्याकपारीत अन्यायाचा अंधार दाटला होता..." ढूम. "जेव्हा माणसाचा माणसावरचा विश्वास उडाला होता..." ढूम. "जेव्हा प्रत्यक्ष काळही थिजला होता..."

मामा खुर्चीत पुढे सरकून बसले. घोडे उधळले, तलवारीवर तलवार आपटली, सिनेमाचं नाव आलं, खाली 'लवकरच' आलं आणि संपलं.

"अरे, तेव्हा काय झालं?" मामांनी विचारलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज.

"मामा, ते सिनेमात कळेल."

"सिनेमाचं नाही विचारत मी. वाक्याचं काय झालं?"

चार ट्रेलर झाले. मामांनी पॉपकॉर्नच्या पावतीमागे हिशेब मांडला : जेव्हा अकरा, तेव्हा शून्य. पावती उलटी धरली होती म्हणून बरं. सुलट धरली असती तर व्याकरण बाजूला राहिलं असतं.

मिश्रवाक्यात एक प्रधान वाक्य असतं आणि त्याच्या आधाराने उभं राहणारं गौण वाक्य असतं, हे आम्हाला मामांनीच छडीच्या साक्षीने शिकवलेलं. ट्रेलरमध्ये गौण वाक्यं रांगेने येतात आणि प्रधान वाक्य रजेवर असतं. मामांच्या मते हे अज्ञान आहे. मला तसं वाटत नाही. हा धंदा आहे. जेव्हा फुकट दाखवायचा आणि तेव्हा तीनशे रुपयांना विकायचा, वर इंटरनेटवरून तिकीट काढलं म्हणून अधिभार वेगळा. 'जेव्हा अंधार दाटला होता, तेव्हा एक मावळा उठला' असं सरळ सांगून टाकलं तर माणूस म्हणेल, बरं झालं उठला, आणि घरी जाऊन जेवेल.

दुसरी जात 'एक असा'ची. 'एक असा योद्धा, ज्याने...', 'एक अशी आई, जिने...', 'एक असं रहस्य, जे...'. मराठी माणूस आपल्या शेजाऱ्याची ओळख अशी करून देत नाही. 'हे कुलकर्णी. एक असे गृहस्थ, ज्यांनी पाण्याचा पंप चालूच ठेवला' असं कोणी म्हणालं तर लोक आधी म्हणणाऱ्याकडे बघतील. मामांनी निदान केलं, "हिंदीने फेटा बांधलाय." फेटा मात्र छान बांधलेला असतो, शेमला सोडून.

या सगळ्याचं मूळ अमेरिकेत शोधायची रीत आहे, आणि ते पुष्कळसं खरंही आहे. तिथे डॉन लाफाँटेन नावाचे गृहस्थ होते. १९६४ मध्ये एका काऊबॉयपटाच्या जाहिरातीचं निवेदन करणारा कलाकार वेळेला मिळाला नाही, म्हणून जाहिराती तयार करणारे हे स्वतःच माइकपुढे उभे राहिले. स्टुडिओला तो आवाज पसंत पडला. २००८ मध्ये ते वारले तोवर पाच हजारांहून जास्त ट्रेलर त्यांच्या खर्जात बोलून झाले होते. 'अशा एका जगात, जिथे...' ही त्यांची खूण. प्रेक्षकाला नेमक्या कुठल्या जगात न्यायचंय ते झटपट उभं करावं लागतं, असं त्याचं कारण ते सांगत. कारण पटण्यासारखं आहे. फक्त त्यांच्याही 'जिथे'ला 'तिथे' नव्हता, एवढं मामांच्या वतीने नोंदवून ठेवतो.

पण अमेरिकनांना या आवाजाचं हसूही लवकर आलं. २००२ मध्ये 'कॉमेडियन' नावाच्या माहितीपटाच्या ट्रेलरमध्ये हॅल डग्लस हे दुसरे खर्जसम्राट स्टुडिओत बसून ठेवणीतली वाक्यं एकेक करून काढतात आणि प्रत्येक वेळी त्यांना थांबवलं जातं. म्हातारा गोंधळून दुसरं वाक्य काढतो, तेही नको असतं. पुढे तिकडे निवेदन मागे पडत गेलं आणि ठळक अक्षरं आणि पोटात गोळा आणणारा एक भोंगा एवढ्यावर भागू लागलं. आपण दोन्ही ठेवले. त्यांच्याकडे अडगळीत गेलं की आपल्याकडे देव्हाऱ्यात येतं.

सगळंच उसनं आहे असं मात्र म्हणवत नाही. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा गावातून एक जीप फिरायची. टपावर दोन कर्णे, आत एक हात कानावर ठेवलेला माणूस. तोही लांबवायचा. 'येऽऽत आहे' मधला 'ये' मारुतीच्या देवळापाशी सुरू होऊन पिठाच्या गिरणीपाशी संपायचा. हाणामारी, रडारड, विनोद, गाणी सगळं तोही कबूल करायचा. पण त्याचं वाक्य पुरं व्हायचं. आज रात्री, साडेनऊ वाजता, बाजारतळावर, तिकीट इतकं, बायकांना बसायची वेगळी सोय. त्याच्या 'जेव्हा'ला घड्याळ होतं.

आणि विविध भारतीवर नव्या सिनेमांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागत, त्यांत अमीन सयानी असत. तेही विकायलाच बसलेले होते, साधुसंत नव्हेत. पण आधी बहिणींना हाक, मग भावांना, आणि सगळं अशा सुरात की घरच्या कार्याचं आवतण आलंय. आताचा आवाज आवतण देत नाही. तो समन्स बजावतो.

अर्थात आवाजाला मान आहेच. २०२२ मध्ये 'हर हर महादेव' या सिनेमासाठी राज ठाकरे यांनी आवाज दिला. २०१९ च्या प्रचारसभांत ते 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणायचे. तीन वर्षांनी व्हिडिओनेच त्यांना लावलं. मराठीत ज्याच्या सभेला गर्दी होते त्याच्याकडे खर्ज असतो, हे निर्मात्यांना आधीपासून ठाऊक आहे. आता उलटंही ठाऊक झालंय. आमच्या प्रभागातल्या एका भावी नगरसेवकाने वाढदिवसाला चित्रफीत काढली. 'एक असं नेतृत्व, ज्याने...' इथवर आवाज आला, मागून सूर्य उगवला आणि चित्रफीत संपली. त्यांनी काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रामाणिक काम म्हणायचं.

आता कायद्याचं सांगतो, कारण मामा ग्राहक मंचात जायचं म्हणत होते. त्यांच्याआधी एक बाई जाऊन आल्यात, त्याही महाराष्ट्रातल्या आणि त्याही शिक्षिका. २०१६ च्या 'फॅन' सिनेमाच्या जाहिरातीत एक गाणं होतं. मुलं ते गाणं बघायला म्हणून गेली, आणि सिनेमात गाणंच नव्हतं. मुलं रात्री जेवली नाहीत, असंही तक्रारीत होतं. राज्य आयोगाने दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो आदेश कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो रद्द केला. ट्रेलर म्हणजे वचन नव्हे, त्यातून करार होत नाही, असा निकाल लागला.

मी हे मध्यंतरात मामांना सांगितलं. त्यांनी समोशाचा तुकडा खाली ठेवला.

"म्हणजे तेव्हाची जबाबदारी कोणावरच नाही?"

"कायद्याने तरी नाही."

"मग पाटी लावा म्हणावं. जेव्हा पाहून घ्यावा, मागाहून तक्रार चालणार नाही."

इतका वेळ मी सिनेमाबद्दल काहीच बोललो नाही. तो सात पंचवीसला सुरू झाला. सुरुवातीला तोच आवाज होता, तोच आड. "जेव्हा..." म्हणाला. मामांनी मोबाईलच्या उजेडात पावतीवर बारावा नोंदवला आणि पेन उघडंच ठेवलं. तिकीट काढलेलं असल्यामुळे या वेळी आमचा हक्क होता. दोन तास चाळीस मिनिटं आम्ही हक्काने बसलो. नायक दरवाजापाशी पोचला, दरवाजा किलकिला झाला, आतून उजेड आला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली : भाग दुसरा, लवकरच.