तोतयास सा. न. वि. वि.

प्रति,
रा. रा. खोकेमहाशय,
मुक्काम : मेडिकलचे काउंटर, गल्ल्याच्या डाव्या अंगाला, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या कपाळावरची तीन अक्षरे पुसून टाकण्याचा हुकूम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढला. ही वार्ता आमच्या घरी ऐन फराळाच्या गडबडीत येऊन पोचली. सून चकल्या पाडत होती. पाडता पाडता थांबली नि म्हणाली, "बाबा, म्हणजे ते ओआरएस नव्हतंच?" मी म्हटले, नव्हते. "मग इतकी वर्षं ते नाव लिहू कसं दिलं?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आपल्यापाशी असेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली-माझी ओळख जुनी आहे. आपल्याला आठवत नसेल. आपल्याकडे रोज गिऱ्हाइके येतात. २०२३ चा मे महिना. नातीला पहाटेपासून जुलाब. मी टोपी घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो आणि म्हणालो, ओआरएस द्या. पोरगा म्हणाला, "काका, पावडर की रेडी?" रेडी म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते, पण साठी उलटलेल्या माणसाला 'रेडी' म्हटले की तीच सुधारित आवृत्ती वाटते. "ऑरेंज, ॲपल की मिक्स फ्रूट?" औषधाच्या दुकानात मला पहिल्यांदाच कोणीतरी आवड विचारली होती. मी सद्गदित होऊन ॲपल म्हणालो. दोनशे मिलीचे खोके, पस्तीस रुपये. स्ट्रॉ फुकट.

नात आपल्यावर बेहद्द खूश झाली. एरवी औषध म्हटले की कपाटामागे दडणारी पोर दोन खोकी संपवून तिसरे मागू लागली. घरात मी वैद्यराज ठरलो. संध्याकाळपर्यंत जुलाब दुप्पट. आपल्यामुळेच वाढले, असे मी शपथेवर सांगणार नाही. पोटाचे दुखणे आपल्याही मर्जीबाहेर वाढू शकते. पण डॉक्टरांनी काय पाजले म्हणून विचारले, मी छाती काढून ओआरएस म्हणालो, आणि त्यांनी फक्त "खोकं आणा पाहू" एवढेच म्हटले. त्यांनी ते पालथे केले, चष्मा कपाळावर चढवला आणि तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवले. तिथे आपला कबुलीजबाब होता. जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस ते हे नव्हे!

खोकेमहाशय, मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत की गेले, याबद्दल लोकांच्या मनात घोळ होता. त्या घोळाचा फायदा घेऊन एक गृहस्थ आपणच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला, त्याने कोकणात किल्ले घेतले आणि १७७६ साली पुण्यात देहदंड भोगून गेला. वर्गात हा धडा फार रंगे. मुले विचारत, सर, लोकांना कळलं कसं नाही? मी सांगे, बाळांनो, लोकांना भाऊसाहेब हवे होते.

पण तो तोतया आपल्यापेक्षा कच्चा होता, हे आता मान्य केले पाहिजे. त्याने कपाळावर 'भाऊसाहेब' लिहून पायाच्या अंगठ्यावर बारीक अक्षरांत 'हे भाऊसाहेब नव्हेत' असे गोंदवून घेतले असते, तर पेशव्यांच्या न्यायाधीशांची काय बिशाद होती! सरकार, खुलासा दिलेला आहे, असे म्हणून तो सुटला असता. कोकणचे किल्लेही कदाचित त्याच्याकडेच राहिले असते.

ज्यांचे नाव आपण लावलेत, त्या घराण्याची थोडी माहिती देतो. वारसाने घराण्याचा इतिहास जाणलेला बरा.

१९७१ साल. बांगलादेशची लढाई चालू होती आणि बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा शिरला होता. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम, साडेतीन ग्रॅम, अडीच ग्रॅम. ते मिश्रण ड्रमांत कालवले, ड्रमना तोट्या लावल्या आणि रोग्यांच्या आया, बहिणी, नवरे यांच्या हाती पेले दिले. पाजत राहा. छावणीतला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चारच्या खाली आला. त्या ड्रमांवर 'ओरल सलाईन' असे लिहिले होते. मुद्दाम सांगतो, आत जे होते तेच बाहेर लिहिले होते. त्या वेळी ती पद्धत होती.

यामागची युक्ती आपल्याला ठाऊक असेलच, कारण ती मोडण्यात आपण निष्णात आहात. हगवणीत आतड्याची पाणी शोषायची ताकद गेल्यासारखी वाटते, पण एक दार शाबूत राहते. साखर आणि मीठ हातात हात घालून आले तरच ते दार उघडते, आणि ती दोघे आत गेली की पाणी त्यांच्या मागून जाते. मात्र जोडी जुळलेली हवी. आजच्या सूत्रात ग्लुकोज आणि सोडियम अगदी समसमान, लिटरला ७५ मिलिमोल. साखर फार झाली तर खेळ उलटा : जादा साखर आतड्यातच बसते आणि अंगातले पाणी बाहेर खेचते. ज्याचे पाणी भरून काढायचे त्याचेच आणखी जाते. म्हणून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सूत्र आणखी पातळ केले. लिटरमागे २० ग्रॅम ग्लुकोज होते, ते साडेतेरा केले. साडेसहा ग्रॅम कमी करायला जगभरच्या डॉक्टरांना किती वर्षे आणि किती चाचण्या लागल्या!

आणि आपण? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षे ओरडून सांगत होत्या, की या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेयांत लिटरला १२० ग्रॅमच्या घरात साखर आहे. मी हिशेब करून पाहिला. दोनशे मिलीच्या एका खोक्यात २४ ग्रॅम. खऱ्या पुडीच्या तेवढ्याच पाण्यात पावणेतीन. माझी नात दोन खोकी प्यायली. दहा चमचे साखर मी तिला स्ट्रॉने पाजली, तीही औषध म्हणून, वर पाठ थोपटून घेत. शिरा केला असता तर निदान तूप तरी पोटात गेले असते.

आपण म्हणाल, गुरुजी, सरबत विकणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. खेळून दमलेल्या पोराने खुशाल प्यावे. उन्हातून आलेल्या पाहुण्याला मीसुद्धा कोकम देतो, त्यातही साखर असते. पण माझ्या कोकमाच्या बाटलीवर मी 'इन्सुलिन' असे लिहीत नाही. तक्रार सरबताची नाहीच. आपण सरबतवाल्याच्या गाडीवर न बसता औषधाच्या कपाटात जाऊन बसलात, आणि तिथे बसायला पास म्हणून ती तीन अक्षरे वापरलीत, एवढेच माझे म्हणणे. खरी पुडी औषध म्हणून विकली जाते, तिच्यावर औषधाचे मानक छापलेले असते. आपल्या अंगावर मात्र अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. आपल्या महाराष्ट्रात एक 'अन्न व औषध प्रशासन' आहे. त्या नावातल्या 'व'वर आपण मांडी ठोकून बसलात, ही आपली खरी प्रतिभा.

आता सुनेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण बातमीतला खरा अचंबा बंदीचा नाहीच, परवानगीचा आहे. एप्रिल २०२२ मध्ये याच प्राधिकरणाने सांगितले होते, की जे ओआरएस नाही त्यावर ओआरएस लिहू नका. शहाण्यासारखे बोलणे. तीन महिने पुरे झाले तोच, जुलैत, नवा आदेश : व्यापारचिन्हाचा भाग म्हणून, मागेपुढे एखादे अक्षर लावून चालेल, फक्त 'हे ते नव्हे' असा खुलासा छापा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर आणखी एक आदेश निघाला. म्हणजे माझ्या नातीला जुलाब झाले त्या मे महिन्यात आपण कायद्याने अगदी स्वच्छ होतात. आपले चुकले असे म्हणायलाही मला जागा नव्हती. खोटे नाव लावायचे आणि खाली खरे सांगायचे, याला आपल्या देशात काही काळ 'नियमानुसार' म्हणत, ही नोंद इतिहासाच्या पुढच्या पुस्तकात यावी अशी माझी शिफारस राहील.

तो खुलासा कोणासाठी होता, हेही कळवावे. पहाटे चार वाजता कडेवर लोळागोळा झालेले पोर घेऊन दुकानाची कडी वाजवणारी बाई खोके उलटून इंग्रजी तळटीप वाचेल, असे ज्यांना वाटले, त्यांच्या घरी बहुधा कोणाला जुलाब होत नसावेत. त्या बाईला कोणीतरी, बहुतेक गावच्या आशाताईने, तीनच अक्षरे पाठ करून दिलेली असतात. तिचे सगळे आरोग्यशिक्षण त्या तीन अक्षरांत. आपण नेमकी तीच उचललीत. पाकिटातले पैसे मारणारा चोर परवडला! पाच वर्षांखालची साडेचार लाखांच्या आसपास मुले जगात दरवर्षी हगवणीने दगावतात, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ही अक्षरे त्यांच्यासाठी होती रे. तुझ्यासाठी नव्हती.

माफ करा, एकेरीवर आलो. पुन्हा आपण.

हुकूम निघाल्यावर आपल्या गोतावळ्याने दाखवलेली चपळाई मात्र वाखाणण्यासारखी. तीन दिवसांत एक कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात. प्राधिकरणाने आमचे म्हणणे ऐकावे, आणि तोवर तयार माल तरी विकू द्या! तेवढ्यापुरता दिलासा मिळालाही. तिकडे त्या हैदराबादच्या बाई आठ वर्षे लढल्या, तेलंगणाच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन गेल्या, आणि आदेश निघाल्यावर कॅमेऱ्यासमोर रडल्या. आठ वर्षे आणि तीन दिवस. न्याय उशिरा मिळतो म्हणतात ते सगळ्यांच्या बाबतीत खरे नाही, हे मला आपल्याकडून शिकायला मिळाले. पुढे प्राधिकरणाने म्हणणे ऐकून घेतले आणि फेटाळले. दुसरी एक कंपनी त्याच न्यायालयात गेली, तेव्हा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे म्हणून तिला महिनाअखेरीस रिकाम्या हाताने परत पाठवण्यात आले. नोव्हेंबरात राज्यांना सांगावे लागले, की दुकानांतून हा माल उचला. सांगावे लागले, हे लक्षात घ्या. हुकूम निघून महिना झाला होता.

आता आपण नाव बदलाल. दोन अक्षरे इकडची तिकडे, रंग तोच, संत्रे तेच, स्ट्रॉ तोच, काउंटरवरची जागाही तीच. मेडिकलचा पोरगा म्हणेल, "काका, तेच आहे, फक्त नाव बदललंय." त्याच्या मते तो खरेच बोलत असेल. माझी एवढीच विनंती की ती जागा सोडा. समोर किराणाचे दुकान आहे, वेफर्स आणि फ्रूटीच्या मध्ये छान गारवा असतो, तिथे आपल्या जातभाईंत बसा. मी स्वतः नातीला घेऊन येईन. ती आता सात वर्षांची आहे आणि तिला ॲपल अजून आवडते.

घरी सर्वांस यथायोग्य नमस्कार. आपल्या विपणन खात्यास विशेष.

आपला,
एक निवृत्त इतिहासशिक्षक

ता. क. हे पत्र वाचकांच्या हाती पडेल, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. मेडिकलमध्ये पुडीच मागा, आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेले आहे का ते पाहा. लिटरभर पाण्याची पुडी आमच्याकडे वीस-बावीस रुपयांना मिळते; आशाताईकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट. पुडी नसेल तर उकळून गार केलेले लिटरभर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. पोर मलूल झाले, पाणीही पोटात ठरेना किंवा लघवी बंद झाली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि कालवलेले पाणी चोवीस तासांत संपवायचे असते. उरले तर झाडाला घाला, दुसऱ्या दिवशी नवे करा.